चौथी झोप

मनकर्णाने तीस वर्षं कोसा पिकवला, पण झाडावरची अळी तिने एकदाही पाहिली नव्हती.

तुम्ही हसाल. आमच्या मोहटोल्यात कोणी हसत नव्हतं, कारण ढिवरांच्या सगळ्याच बायकांचं तसंच होतं. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. त्याच्या कोशातून पाखरं बाहेर पडायची ती घरात, आढ्याला टांगलेल्या माळांवर. त्यांची अंडी वेचून सुपात जपायची, ती बायकांनी. पण अंडी फुटून अळ्या एकदा येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर चढल्या की पुढचं सगळं पुरुषांचं. येनाच्या रानात शिरायच्या वाटेवर एक बांबू आडवा टाकलेला असे. बाई तिथपर्यंत. तिने पेजेचं पातेलं, आमचा गंज, बांबूपाशी ठेवायचं आणि दहा पावलं मागे सरायचं. आतला माणूस येऊन तिथेच बसून प्यायचा. महिना-सव्वा महिना तो आतच, पानांच्या खोपडीत, भुईवर निजायचा. डोक्याला तेल नाही, जेवणात हळद नाही, मासळी नाही. ढिवराला मासळी नाही म्हणजे बघा.

मनकर्णाचा नवरा मुखरू बोलका होता. पेज पिता पिता बांबूच्या पलीकडून तो सगळं सांगायचा. आज अळ्या पहिल्या झोपेत गेल्या, आज कातडं टाकून उठल्या, आज कावळ्यांनी चार झाडं उजाड केली. ती ऐकायची. ऐकून ऐकून तिला इतकं कळायला लागलं की पुढे पुढे तोच तिला विचारी, असं असं दिसून राह्यलं, काय करू व? ती बांबूच्या अलीकडून सांगायची आणि तो तसं करायचा. गावात मात्र दोघांनी हे कोणाला कळू दिलं नाही.

बांबू तिने एकदाच ओलांडला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मुखरूला आत ताप भरला, दोन दिवस तो पेज न्यायला आला नाही, म्हणून ही आत गेली आणि झाडांकडे मान वर न करता, खोपडीत त्याच्या तोंडात पेज घालून आली. त्या साली त्यांच्या साऱ्या अळ्या सडल्या. मनकर्णाच्या पायाने नास झाला, असं तेव्हाच्या पंचांनी ठरवलं. देवीला नारळ, रानाची शुद्धी, जातीला जेवण. तेव्हापासून आमच्याकडे नव्या सुनेला बांबू दाखवताना मनकर्णाचं नाव घेत. ती समोर असली तरी घेत.

मुखरू माघात हिवतापाने गेला. आमचा गडचिरोली जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली होती तेव्हा. बैलगाडी नदीपर्यंत पोचायच्या आधीच त्याचा जीव गेला, अर्ध्या वाटेवरून गाडी परत फिरवावी लागली.

आता त्याच्या झाडांचं काय, हा प्रश्न आला. रान सरकारचं, पण कोणत्या झाडांवर कोणी अळ्या सोडायच्या ते आमची पंचमंडळी ठरवत. मुखरूच्या वाट्याला नाल्यापासून वर चढत गेलेली चौपन्न झाडं होती. एक साल ज्याने अळ्या सोडल्या नाहीत त्याची झाडं दुसऱ्याच्या नावे लागत आणि मग परत मिळत नसत. मनकर्णाजवळ दुसरं काही नव्हतं. वावर नाही, नदीत घालायला डोंगा नाही, घरात पुरुष नाही. ती झाडं गेली की दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखलात वाकायचं, एवढंच उरत होतं.

बैठक बापूरावांच्या अंगणात भरली. मीही होतो. माझी झाडं मुखरूच्या झाडांना लागून, म्हणून मला बोलावलं होतं. मुखरूचा चुलतभाऊ चैतू आधीच येऊन खांबाला टेकून बसला होता.

"वहिनी, तुमी कायजी करू नका," तो म्हणाला. "झाडं मी पायतो. वर्साले दोन माळा कोसे तुमच्या घरी आनून टाकीन."

मनकर्णा म्हणाली, "माही पोरगी करंल."

बापूराव पंचांतले थोरले, सत्तरी गाठलेले. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "बाई मानूस आत?"

"माह्या घरी दुसरं कोनी नाई भाऊ. तेल, हयद, मासोयी, समदं पायंल ती. ते चार दिवस आले का भाईर येईल. मी नाई जानार आत. माह्या पायाचं तुमाले मालूमच हाय."

स्वतःच्या तोंडाने ती हे बोलली, तेव्हा मंडळींना जरा बरं वाटलं असावं. बापूरावांनी एक पीक द्यायचं कबूल केलं. कोसे चांगले उतरले तर झाडं सोमारीच्या नावे, नाही तर चैतूच्या. चैतूने मान हलवली आणि कोपऱ्यात बसलेल्या सोमारीकडे बघून हसला.

ही सोमारी म्हणजे मनकर्णाची एकुलती पोर, बावीस-तेवीस वर्षांची. ब्रह्मपुरीकडे दिली होती. दोन लेकरं झाली, दोन्ही महिन्याच्या आत गेली. सासू म्हणाली, हिच्या हाताला यश नाही. एकदा म्हटली असती तर पोर विसरलीही असती, पण ती रोज म्हणायची. मग नवऱ्याने आणून सोडली. तेव्हापासून घरामागे भोपळ्याचं बी लावायचं झालं तरी सोमारी बी मायच्या हातात द्यायची, तू लाव म्हणायची. भात उकळायला ठेवला तरी दहादा झाकण काढून मायला विचारायची, शिजला का?

बैठकीतून परत येताना ती वाटेतच थांबली. "मले नाई जमनार माय. माह्या हातानं काई साजरं होत नाई."

"हात कोन मागून राह्यलं?" मनकर्णा म्हणाली. "मले तुहे डोये पायजेत. तिथी दिसंल ते मले बांबूपाशी येऊन सांगायचं. बाकी मी पायतो."

आषाढाच्या शेवटी अंडी फुटून अळ्या निघाल्या. काळ्या, मुंगीएवढ्या. सोमारीने येनाच्या पानांचे द्रोण केले, पिसाने अळ्या त्यात झाडून घेतल्या आणि एकेक द्रोण काट्याने फांदीला टोचला. चौपन्न झाडं, म्हणजे दिवसभर मान वर करून हात उंच. त्याआधी मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक बुंध्याला बिब्ब्याच्या तेलाचा वेढा द्यायचा होता. बिब्बा अंगावर उतला की कातडी जळते. संध्याकाळी ती बांबूपाशी आली तेव्हा दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. मायने बांबूच्या अलीकडूनच हात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी चिंचेचा पाला वाटून आणला. तो पानात ठेवून दहा पावलं मागे सरली आणि लेकीला आपल्या हाताने लावून घ्यायला सांगितलं.

पहिल्या आठवड्यातच ते चार दिवस आले. सोमारी बाहेर आली, आणि बापूराव म्हातारे स्वतः काठी टेकत आत जाऊन बसले. माणूस वाईट नव्हता. रीत त्याच्या हाडात होती, एवढंच.

परत गेल्यावर तिचे दिवस एकसारखे झाले. उजाडायच्या आत कावळे येत, त्यांच्यामागे गुलेल घेऊन पळायचं. ऊन चढलं की गांधीलमाशा. मग खारी, सरडे. पानं संपलेल्या झाडाच्या डहाळ्या अळ्यांसकट कापून दुसऱ्या झाडावर नेऊन बांधायच्या. अंगावरचं लुगडं दिवसभर ओलं, पाय चिखल्यांनी कुजलेले, केसांची जट. आणि दुपार टळली की बांबूपाशी माय.

"खाऊन राह्यल्या?"

"हो."

"रंग?"

"हिरवा. पोपटी म्हन ना."

"ढुंगनापाशी ओल हाय का?"

"नाई. लेंड्या वायल्या हायेत."

"मंग साजरं हाय. आता परवा झोपतीन. मान उचलून बसतीन, खानार नाई. भिऊ नको. हात नको लावू."

आणि परवा त्या झोपायच्या. अळी वाढताना चारदा झोपते, झोपेतून उठताना कातडं टाकते आणि आधीपेक्षा मोठी होऊन खायला लागते. पहिल्या झोपेच्या वेळी सोमारी दिवसातून तीनदा बांबूपाशी धावत आली. दुसऱ्या वेळी एकदा. तिसऱ्या वेळी मायने विचारायच्या आधी तीच म्हणाली, "आज झोपल्या. उद्या दुपारी उठतीन."

"कायवरून?"

"मागच्या बारी असंच झालं होतं."

मनकर्णा हसली. मुखरू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली असेल. मग म्हणाली, "उठल्यावर कान देऊन आयक. तिसऱ्या झोपंच्या मांगं त्यायच्या खान्याचा आवाज येते म्हने. पानावर बारीक पानी पडल्यावानी. तुहा बाप सांगे."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. सोमारी एका मोठ्या येनाखाली उभी राहिली आणि वर आभाळ कोरडं असताना तिला पाण्याचा आवाज आला. ती तशीच धावत बांबूपाशी आली. "येते माय. आवाज येते. साऱ्या झाडात येते."

मनकर्णाने गंज खाली ठेवला आणि आत, झाडांकडे बघत उभी राहिली. तिथून काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ उभी राहून ती म्हणाली, "पेज थंडी होऊन राह्यली. पेऊन घे."

त्याच आठवड्यात चैतू आला. तो पुरुष, त्याला बांबूची अडकाठी नव्हती. सरळ आत गेला, दोनचार फांद्या खाली ओढून पानं उलटी केली. अळ्या अंगठ्याएवढ्या झाल्या होत्या, नाव ठेवायला जागा नव्हती.

"ठीक हाय," तो म्हणाला. "पन पोरी, एक सांगून ठेवतो. झड लागली का कायबी होऊ शकते. आन काई झालं तं पंच झाडाले नाई इचारत. तुह्या मायले इचारलं होतं तसं तुलेच इचारतीन."

काम झाल्यासारखा तो हात झटकून निघून गेला. सोमारीने हे मायला सांगितलं नाही.

शनिवारी झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे जोराचा पाऊस नाही, नुसतं बारीक पाणी, रात्रंदिवस, थांबायचं नाव नाही. पानं गार, खोपडी गार, विस्तव धरेना. सोमवारी सकाळी अळ्यांनी खाणं थांबवलं. चौथ्या झोपेचा दिवसच होता तो. सोमारी झाडाझाडाखाली फिरली. वरच्या अंगाच्या झाडांवर अळ्या मान उचलून बसल्या होत्या, तशाच जशा आधीच्या तीन झोपांत बसल्या होत्या. नाल्याकडच्या झाडांवर मात्र काही अळ्यांच्या माना खाली होत्या. मागच्या पायांनी फांदी धरलेली आणि पुढचं अंग लोंबत होतं. एकीच्या तोंडाला काळसर पाणी होतं. ते पावसाचंही असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

माय आली, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन.

"झोपल्या?"

"झोपल्या."

"माना वर हायेत का खाली?"

झोपलेली अळी मान वर धरते. रोगट अळीची मान पडते. एवढी एकच खूण, आणि मुखरूने ती बायकोला शंभरदा सांगितली असेल. सोमारीने सकाळपासून दोन्ही पाहिलं होतं. पुढे तिनेच मला सांगितलं, की त्या घडीला तिच्या मनात अळ्या नव्हत्याच. सासू होती, चैतूकाका होता. खाली म्हटलं की झालं. दोन लेकरांच्या माना पडल्या तशा याही पडल्या, आणि पुन्हा याच हातांनी. शिवाय आपल्याला दिसतंय ते खरं कशावरून? तीन दिवस झोप नाही, डोळ्यांत पाणी. मायने इतकं ऐकलंय, तिला वाटतंय झोपल्या असतील, तर झोपल्याच असतील.

"वर," ती म्हणाली.

"समद्या?"

"समद्या."

"मंग हात नको लावू. चौथी झोप लंबी राह्यते. दोन दिवस फांदीबी हालवू नको."

एवढंच खोटं ती बोलली. दुसरं मोठं खोटं त्या पोरीच्या नावावर मला तरी माहीत नाही.

मायने सांगितलं तसं तिने केलं. दोन दिवस एका फांदीला हात लावला नाही. खोपडीत गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. मंगळवारी तिने झाडांकडे जायचंच टाळलं. मान वर करून बघायची भीती वाटत होती.

बुधवारी दुपारी मनकर्णा आली आणि बांबूच्या वीस पावलं आधीच थांबली. वारा आतून बाहेर येत होता. गंज हातातच होता.

"सोमारी, इकडं ये."

सोमारी आली.

"तुह्या लुगड्याले वास हाय."

सोमारीने पदर मुठीत गोळा केला.

"हा वास मी जानतो. त्या साली तुह्या बापाच्या कपड्याले असाच होता. नदीवर तीनदा धुतले तरी जाये ना." तिने गंज खाली ठेवला. "कवापासून?"

"सोमवारपासून."

"म्या इचारलं तवा?"

"तवा काई वर होत्या, काई खाली."

"मंग वर काऊन म्हनली?"

पाऊस सोमारीच्या तोंडावरून ओघळत होता, ती पुसतही नव्हती. "मले वाटलं माह्याच डोयाले तसं दिसते. खाली म्हनलं असतं तं... माह्याच हातानं झालं असतं."

सोमवारीच नाल्याकडच्या सातआठ झाडांवरच्या अळ्या काढून पुरल्या असत्या तर बाकीची झाडं वाचली असती. हे दोघींनाही कळत होतं. मनकर्णाने लेकीला एक शब्द बोलून दाखवला नाही. ती चिखलात तशीच खाली बसली. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. मीही त्या वेळी माझ्या झाडांत होतो, मला ती दिसत होती. मला वाटलं, ही आता हंबरडा फोडेल. तिने लुगडं गुडघ्यावर खोचलं, उठली आणि बांबू ओलांडला.

"माय, तू नको. तुह्या पायानं..."

"आता अजून काय मरनार हाय?"

ती सरळ चालत गेली, एका येनाखाली थांबली आणि फांदी खाली वाकवली. त्या फांदीवर एक धड अळी होती. बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगावर चांदीचे ठिपके, मान उचललेली. मनकर्णा तिच्याकडे बघतच राहिली.

"एवढी मोठी राह्यते व?" ती म्हणाली.

मग दोघी कामाला लागल्या. नाल्याच्या कडेला खड्डा खणला. रोगट अळीला बोट लागलं की ती फुटायची, काळं पाणी मनगटापर्यंत यायचं. झाडावरून काढायच्या, टोपल्यात घालायच्या, खड्ड्यात ओतायच्या, वर चुना आणि माती. झाडावर चढायची ती सोमारी, टोपलं धरायची ती माय. दर झाडापाशी मनकर्णा विचारायची, "हिची?" आणि सोमारीने सांगायचं, वर किंवा खाली. पहिल्या दोनचार झाडांवर ती अडखळली. मनकर्णाने तिच्यासाठी एकदाही उत्तर दिलं नाही. तोंड वर करून, पावसात डोळे मिचकावत, पोर बोलेपर्यंत उभी राहायची. संध्याकाळपर्यंत सोमारी न थांबता सांगत होती. खाली. खाली. वर. खाली. ही आत्ता वर हाय, पन उद्या पडंल, टाक.

मी जाऊन हात लावायला हवा होता. गेलो नाही. माझ्या झाडांना रोग लागेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बांबूच्या आत उभ्या असलेल्या त्या बाईच्या जवळ जायला मी भीत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. धड अळ्या डहाळ्यांसकट वरच्या अंगाला नेऊन बांधल्या. चौपन्नापैकी अकरा झाडं उरली. शुक्रवारी झड उघडली. चौथ्या झोपेतून उठलेल्या अळ्यांचा खाण्याचा आवाज त्या अकरा झाडांत आला, आणि त्या वेळी मनकर्णा झाडाखालीच होती. तिने डोळे मिटून घेतले होते, असं सोमारी सांगते.

कोसे उतरले ते एका टोपल्यात मावले.

पोळा झाल्यावर बैठक बसली. टोपलं मधोमध ठेवलं होतं. चैतूने एक कोसा उचलून दाबून पाहिला आणि परत ठेवला.

"दोन बायका आत होत्या," तो म्हणाला. "मी अजून काय बोलू?"

बापूरावांनी फार वेळ विचार केला होता, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. "एक तोड हाय," ते म्हणाले. "मनकर्णाबाई, तुमी मानून टाका का बाईचा पाय लागला म्हनून नास झाला. देवीले नारय द्या, रानाची शुद्धी करू. मंग झाडं तुमच्याच नावानं राहतीन. चैतू अर्ध्यानं करंल. तुमच्या घरी अर्धे कोसे येतीन."

खरं सांगतो, मलाही तो तोडगा बरा वाटला. सगळ्यांनाच वाटला. नुसती मान हलवायची होती. अर्धे कोसे म्हणजे दोन जणींचं पोट. आणि मनकर्णाने हे एकदा मानलेलंच होतं, तिला त्यात नवीन काय? तिने हात जोडलेही.

सोमारी उठून उभी राहिली.

"पाय नाई लागला," ती म्हणाली. "माय आत आली बुधवारी. माना सोमवारी खाली पडल्या. म्या पायल्या. मायनं इचारलं तवा म्या वर सांगतलं. दोन दिवस वाया गेले. चूक माह्या तोंडाची हाय. पायाची नाई, हाताचीबी नाई."

"आन तुहा पाय?" चैतू म्हणाला. "तू तं पह्यल्या दिवसापासून आत होती."

"माह्या पायानं झालं असतं तं पह्यल्या झोपंतच झालं असतं, काका. तीन झोपा साजऱ्या झाल्या. चौथीत झड होती. तुमीच म्हनलं होतं, झड लागली का कायबी होऊ शकते."

चैतूने तोंड फिरवलं. बापूराव म्हणाले, "पोरी, इचार करून बोल. खोटं सांगतलं असं तूच म्हनून राह्यली. मंग तुह्या हाती रान कसं द्यावं? पायाचं मानलं तं शुद्धी करता येते. याले शुद्धी नाई."

"मालूम हाय."

"तरी?"

"म्या जे पायलं ते सांगतलं."

बापूराव मनकर्णाकडे वळले. "बाई, तुमी सांगा."

मनकर्णाचे हात अजून जोडलेले होते. तिने लेकीकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं. मग तिने हात खाली घेतले. "तिनं पायलं," ती म्हणाली. "मी नाई पायलं."

झाडं चैतूच्या नावे लागली. टोपलं मनकर्णाने डोक्यावर घेतलं आणि दोघी घरी गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या आरमोरीच्या वाटेवर दुसऱ्यांच्या बांधीत निंदायला जाऊ लागल्या. सोमारी अजूनही जाते. चैतूने वाटेवर नवा बांबू टाकला, आधीच्यापेक्षा जाड.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी घरात काय बोलणं झालं ते सोमारीने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, माय गेल्यावर.

मनकर्णाने अंगणात पाट मांडला आणि लेकीला पुढ्यात बसवलं. महिन्याभराची जट होती डोक्यात. वाटीत मोहाचं तेल कोमट करून आणलं आणि एकेक गुंता सोडवायला लागली.

मग माय म्हणाली, "त्या सालीबी माना आधीच पडल्या होत्या."

"कोनत्या साली?"

"मी आत गेलो त्या साली. मी आत जायच्या दोन दिवस आधी. तुहा बाप बांबूपाशी आला होता, अंगात कसकस होती. मले म्हने, मनकर्णे, खालच्या झाडाईवर माना पडून राह्यल्या. मंग त्याले ताप भरला."

सोमारीने मागे वळून पाहायचा प्रयत्न केला. मायने तिचं डोकं धरून पुन्हा पुढे केलं.

"बाबाले मालूम होतं?"

"त्यानंच तं सांगतलं."

"मंग पंचात?"

"पंचात तो माह्या बाजूले बसला होता. खाली पाहून. मी वाट पायली, आता सांगंल, आता सांगंल. चांगला होता बाप्पा तुहा बाप. कधी हात नाई उगारला माह्यावर. पन तो काई बोलला नाई."

"आन तू?"

कंगवा एका गुंत्यात अडकला होता. मायने तो बोटांनी हळूहळू मोकळा केला.

"मले इचारलं, बाई, तुह्या पायानं झालं का? मी म्हनलो, हो."

वाटीतलं तेल संपलं होतं. तरी ती कोरडी बोटं लेकीच्या केसांतून फिरवत बसली, दिवा लावायची वेळ होईपर्यंत.